नाव न घेता मांडलेली नऊ पानं

सुप्याच्या स्टँडवरून निघून आम्हाला दीड तास झाला होता. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं आणि वस्ती अजून टेकाडाच्या पलीकडंच होती. गाडीरस्त्यानं गेलो असतो तर एव्हाना पोचून चहासुद्धा झाला असता. पण गाडीरस्ता पाझर तलावाच्या बांधावरून जातो. कौसल्याकाकूंनी स्टँडवरच सांगितलं होतं, "आज पाण्याच्या कडंनं जायाचं न्हाय. माळानं चल. लांब पडलं तरी चालंल."

"तलाव कोरडा असंल काकू. चैत्र लागलाय."

"कोरडा असला म्हणून काय झालं? ज्या कामाला निघालोय त्ये त्यांच्या कानावर जाया नगं."

त्यांच्या म्हणजे साती आसरांच्या. पाण्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या आमच्याकडच्या जलदेवता. मीही त्यांना हिरव्या बांगड्या वाहते. त्यामुळं मी काही हसले नाही. चपलेत गेलेला काटा काढला आणि त्यांच्या मागं चालू लागले.

कौसल्याकाकू आमच्या पिंपळीच्या. त्यांच्या आणि आमच्या शेतात एकच बांध. वय सहासष्ट, पण चालताना मला मागं टाकतात. मी गावात अंगणवाडी चालवते, तेवीस वर्षं झाली. गावातल्या प्रत्येक घरात कोण जन्मलं, कोण गेलं, हे माझ्या रजिस्टरात असतं. फक्त काकूंच्या घरात मागच्या पिढ्यांचं विचारायचं नाही, हे मला सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं.

त्या घरात अशी समजूत की मूळ पुरुष रानोजी यानं सुप्याच्या माळावर विहीर खणताना आसरांचे दगड हलवले. नीरेचा कालवा यायच्याही आधीची गोष्ट. रानोजी त्याच विहिरीत गेला. तेव्हापासून पाणी त्या घरच्या पुरुषांच्या मागं लागलं. पुढं त्याचा एक मुलगा बायकापोरं घेऊन कालव्याखाली पिंपळीला आला, पण भीती बरोबर आली. घरच्या पुरुषानं विहिरीत उतरायचं नाही, पोहायला शिकायचं नाही. आणि जो पाण्यात गेला त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही, नाहीतर तो दुसऱ्याला बोलावून नेतो. पितरांच्या पंधरवड्यात म्हाळ घालतात त्या दिवशी विहिरीच्या कडेला एक पान वाढायचं, नाव न घेता, आणि मागं न बघता घरी यायचं.

काकू एकोणिसाव्या वर्षी या घरात आल्या. अकरा वर्षांनी त्यांचे मालक आप्पासाहेब गेले. उसाला पाणी हवं होतं, विहिरीत मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह अडकला होता आणि दोन दिवस वाट बघून गडी आला नाही. आप्पासाहेब म्हणाले, पायऱ्या आहेत की, छातीएवढ्याच पाण्यात उभं राहायचंय. काकू काठावरून बघत होत्या. ते ओरडले नाहीत की हातपाय मारले नाहीत. दिवा गेल्यासारखे खाली बसले.

चौतीस वर्षांचे होते. इंद्रजित आठ वर्षांचा होता आणि धाकटी मंदा चारची.

त्यानंतर काकूंनी जे केलं ते गावात कुठल्या बाईनं केलं नव्हतं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकल्या. घरच्या पुरुषांना पाणी वर्ज्य, सुनांना नाही. मग फूटव्हॉल्व्ह काढायचा तर काकू, गाळ काढायचा तर काकू, कालव्याच्या पाण्याची पाळी आली की उसाला पाणी द्यायला दारं धरणार काकू. विहिरीवर पत्र्याचं झाकण आणि त्याला कुलूप. इंद्रजितला आंघोळीला दोन बादल्या, तेही त्या स्वतः जवळ उभ्या राहून. त्याची वरात ओढ्यावरून जाताना त्यांनी त्याचा सदरा मागून घट्ट धरला, तेव्हा बायका हसल्या, "अवं कौसल्याबाई, सोडा की! आता धरायला बायको आलीया त्याला." काकूंनी सदरा ओढा संपल्यावरच सोडला. इंद्रजित आज चव्वेचाळीसचा आहे. त्यांनी त्याला वाचवला असंच आम्ही सगळे समजत होतो.

मागच्या महिन्यात त्याची मुलगी राजेश्वरी पडली. अठरा वर्षांची पोर, पोलीस भरतीचा सराव करते. बारामतीच्या मैदानावर शेवटची फेरी पळताना कोसळली. कुणीतरी छातीवर दाब दिला म्हणून शुद्धीवर आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी दोनदा काढली. मग चष्मा वर करून काकूंना विचारलं, "आजी, घरात तरुणपणी कुणी अचानक गेलंय का?"

"कुणी न्हाय," काकू म्हणाल्या.

मी शेजारी बसले होते. आप्पासाहेबांच्या अंत्ययात्रेला माझे सासरे खांदा द्यायला होते. तरी मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून बोचतं.

बाईंना काहीतरी शंका आली असावी. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "ताई, तुम्ही सर्व्हे करता ना? या घरातले सगळे लिहून आणा. कोण, किती वर्षांचं होऊन गेलं, काय करताना गेलं. जमेल तितकं मागं जा. हृदयाची एक तक्रार असते, रक्तातून येते. माणूस धडधाकट दिसतो. पळताना, पोहताना ठोका चुकतो आणि संपतं. तोपर्यंत मुलीला पळू देऊ नका, आणि पोहू तर मुळीच देऊ नका."

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या दवाखान्याच्या पायरीवरच खाली बसल्या.

"पव्हायला म्यांच शिकीवलं तिला," त्या म्हणाल्या. "त्याच हिरीत. डबा बांधून. पोरीच्या जातीला काय हुतंय, आसरा पुरुषालाच धरत्यात, आसं म्हणून. अगं अनिता, सात वर्षं पवती ती. सात वर्षं मी काठावर बसून हासत हुते."

इंद्रजितची वंशावळ काढायला वेळ लागला नाही, कारण त्याच आठवड्यात गावात हेळवी उतरला होता. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या वहीत लिहून ठेवणारे लोक. चार-पाच वर्षांनी सुगीनंतर येतात, दारात बसून वंशावळ वाचतात, धान्य-कापड घेऊन जातात. त्यानं रानोजीपासून इंद्रजितपर्यंत एका दमात वाचलं. रानोजीचा अमका, अमक्याचा तमका. ऐकताना मला वाटलं, हे फार सरळ आहे. प्रत्येक पिढीत एकच मुलगा? त्या काळात?

"बाकीची भावंडं कुठायत?" मी विचारलं.

हेळव्यानं वही मिटली. "जे घर सांगतं ते आम्ही लिहितो ताई. ज्याचं नाव घेऊ नका म्हणतात, त्याचं कसं लिहायचं? या घरातनं लई नावं गाळायला सांगितलीत. माझ्या आज्यालाबी सांगितली हुती." मग काकूंकडं न बघता म्हणाला, "सुप्याच्या माळावर भाऊकीतलं एक घर राहिलंय. भिमातात्या. हाय अजून म्हातारा."

म्हणून आम्ही चाललो होतो. टेकाडाच्या अलीकडं अभयारण्याचं तारेचं कुंपण लागलं. चिंकारांचा एक कळप मान वर करून आमच्याकडं बघत होता, मग एकदम उधळला. काकू दचकून थांबल्या. त्यांनी माझा हात धरला.

"परत जाऊ."

"काकू, एवढं आलो."

"आपुन त्यांस्नी उठवायला निघालोय. निजलेल्यास्नी. उद्या पोरीला कायतरी झालं तर मी कुठं तोंड दावू?"

"आणि नाही विचारलं, अन् झालं तर?"

त्यांनी हात सोडला. बोलले खरी, पण मलाही धीर नव्हता. राजेश्वरीला मी अंगणवाडीत मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावली आहेत. मी मनात स्वामींचं नाव घेतलं आणि पुढं पाऊल टाकलं. थोड्या वेळानं मागून त्यांच्या जोडव्यांचा आवाज आला. आप्पासाहेब गेल्यावरही काकूंनी जोडवी काढली नाहीत. कुणी विचारलं तर सांगतात, "बोटात रुतल्यात, निघत न्हाईत."

भिमातात्या नव्वदीला टेकलेले. बाभळीखाली बाजेवर बसले होते. सुनेनं चहा आणला. काकूंनी ओळख सांगितली तसा म्हातारा हसला.

"पिंपळीच्या? मंजी तुमी पाण्याखालची मंडळी! ऊस पिकीवणारी. आमाला जवारीबी धड यीना. आज कशी वाट चुकलीसा?"

मी कागद काढला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं आणि जे पाण्यात गेले त्यांची नावं विचारली. तात्यांचं हसू गेलं. त्यांनी पायातलं पायताण बाजेखाली सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नावं मिळायची न्हाईत बाई. त्येवढं सोडून बोला."

"किती जण होते, एवढं तरी?"

"त्ये सांगतो. नऊ पानं मांडतो आमी."

काकूंनी मान वर केली. "नऊ? आमी तर एकच मांडतो."

"तुमी लांब गेलासा. तुमचं एकावर आलं. हितं एकेकाचं पान येगळं, जागा येगळी. म्हाळाला आमची सून पळसाची पानं लावती, मी जागा दावतो."

ते काठी टेकत उठले. अंगणात ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथून ती जुनी विहीर दिसते तिथं, त्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवर एकेक रेघ मारायला सुरुवात केली. नऊ रेघा. विहीर बुजलेली होती, वर निवडुंग माजला होता. तरी काकू तिकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

तात्यांची काठी शेवटच्या रेघेवर थांबली. "ह्ये शेवटलं. छत्तीस वर्षं मांडतोय. पिंपळीसनं निरोप आला हुता."

काकूंना कळायला क्षण लागला. "आमच्या मालकाचं? तुमी मांडता?"

"रगात येकच हाय की, सूनबाई."

काकू त्या रेघेपाशी खाली बसल्या. मातीवर हात ठेवला. तात्यांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी हातानंच बाजूला सारला. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"आप्पासाहेब."

सुनेनं पदर तोंडावर घेतला. तात्या काठी घट्ट धरून उभे राहिले. मी खरं सांगते, मीसुद्धा विहिरीकडं बघितलं. काहीतरी हलेल असं वाटलं. कोंबडी माती उकरत होती, तिचाच आवाज.

"घेतलं म्यां नाव," काकू म्हणाल्या. "काय व्हायचं आसंल तर मला होऊ दे. आता तुमी सांगा तात्या. माझी नात पडलीया."

तात्या खाली बसले. त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं.

"ह्यो रानोजी. दगड हालीवले म्हणत्यात, पर माझा आज्जा सांगायचा, त्यानं स्वता श्येंदूर लावून, नारळ देऊन मग खणली हुती. पयलं पाणी लागलं म्हणून आनंदानं उडी टाकली. वर आलाच न्हाय."

दुसरा रानोजीचा मुलगा, नीरा नदीत. तिसरी रेघ आली आणि तात्या म्हणाले, "ही लेक. ममताई. पयल्या बाळंतपणाला आलेली. वढ्यावर धुणं धुताना. गुडघ्याएवढं पाणी."

"लेक?" काकू पुढं सरकल्या. "लेकीबी हायेत ह्यात?"

"तीन हायेत. लेकीचं नाव कोण वहीत घालतंय? पर पान सगळ्यास्नी."

मी लिहीत होते. पाचवी रेघ, पुन्हा एक लेक. सहाव्या रेघेवर तात्या अडखळले. "ह्यो माझा थोरला भाऊ. ह्याचं पान मांडावं का न्हाय, लई वाद झाला. ह्यो पाण्यात न्हाय गेला. बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यामागं पळत हुता. ह्याच माळावर. पाण्याचा टिपूस न्हाय दोन कोसात. पडला तो पडलाच. बावीस वर्षांचा."

मी लिहिलं, पाणी नाही. राजेश्वरी मैदानावर पडली तेव्हाही तिथं पाणी नव्हतं.

काकू माझ्याकडं बघत होत्या. ज्या बाईनं विहिरीला छत्तीस वर्षं कुलूप घातलं, तिला एका क्षणात कळलं की धोका विहिरीत नव्हताच. तो घरात होता. इंद्रजित आंघोळ करत होता तेव्हा होता, शेतात बैलामागं पळत होता तेव्हाही होता, आणि त्या बघत होत्या पाण्याकडं.

"मंजी कुटंबी व्हईल," त्या म्हणाल्या. "मग मी काय राखलं गं?"

येताना आम्ही तलावाच्या बांधावरून आलो. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. तलावात मधोमध थोडं पाणी होतं.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद टेबलावर पसरला. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, असं अचानक गेलेल्यावर तिरकी रेघ. मी काढलेलं त्यांनी नव्यानं काढलं. नऊ तिरक्या रेघा झाल्या. इंद्रजितचीही पट्टी काढली. त्याच्यातही तेच निघालं, थोडं कमी. दोघांना रोजची गोळी सुरू केली. "एक दिवसही चुकवायची नाही," बाई म्हणाल्या. "वेळेत कळलं. गोळी घेऊन माणसं म्हातारी होतात. भरतीचं मात्र विसरा." राजेश्वरी रडली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष कागदावर होतं.

बाईंनी आप्पासाहेबांच्या चौकोनाखाली पेन ठेवलं. "यांना एकच मूल?"

इंद्रजितनं मान खाली घातली.

मंदाचं नाव मी लिहिलं नव्हतं. हेळव्याच्या वहीत नव्हतं, तात्यांच्या अंगणात नव्हतं, आणि माझ्या रजिस्टरात ती लग्न होऊन गेलेली. ममताईचं नाव स्वतःच्या हातानं लिहूनही मला मंदा आठवली नव्हती.

"लेक हाय," काकू म्हणाल्या. "लोणी देवकरला. जावई कारखान्यात हाय."

"तिला मुलं?"

"दोन हुती." काकू म्हणाल्या. "आता येक हाय."

बाहेर बाकड्यावर बसून त्यांनी मला सांगितलं ते मला अर्धवटच माहीत होतं. मंदाचा नऊ वर्षांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी उजनी धरणाच्या फुगवट्यात, कडेच्या कमरेएवढ्या पाण्यात गेला. मंदा काठावर कपडे पिळत होती. मातीला काकू गेल्या होत्या. मंदाच्या सासूनं सगळ्यांदेखत विचारलं, तुमच्यात कायतरी हाय म्हणत्यात पाण्याचं, खरं का? मंदाही आईच्या तोंडाकडं बघत होती.

"म्यां न्हाय म्हनलं," काकू म्हणाल्या. "आमच्यात काय न्हाय, म्हनलं. लेकीच्या पोराला आपल्या घरचं कसं लागंल, त्यो दुसऱ्याच्या वंशाचा, आसं वाटलं. आन् राजेश्वरीचं लगीन व्हायचंय, घराला बट्टा नगं. मग समद्यांनी मंदावरच घातलं. आईचं ध्यान नव्हतं म्हनले. जावईबी तेच म्हनला. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिला वाटतंय, तिच्याच हातनं पोरगं गेलं."

दवाखान्याच्या दारातून माणसं येत-जात होती. इंद्रजित गोळ्यांच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता.

"धाकटी पोर सहा वर्षांची हाय तिची," काकू म्हणाल्या. "लई पळती म्हणं. शाळंत पयला नंबर येतो पळण्यात."

मी उठलेच. म्हटलं, "चला, आत्ताच इंद्रजितला गाडी काढायला सांगते. आपण दोघी जाऊ."

त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"मी न्हाय. मला बघून ती दार लावंल, आन् दार लावलं तर पोरीची पट्टी कोण काढंल? तू एकटी जा. आजच जा. ह्यो कागद घिऊन जा आन् तिच्या सासूम्होरं, जावयाम्होरं उघड. तिच्या पोराचा चौकोन तितंच काढ, त्यांच्या डोळ्यादेखत, आन् त्येच्यावर रेघ मार. सांग त्यांस्नी, आईचं ध्यान हुतं, पोरगं तिच्या हातनं गेलं न्हाय. आजीला ठावं हुतं आन् आजीनं लपीवलं, आसं माझं नाव घिऊन सांग. मला माफ कर म्हणून काय बोलू नगंस तिला. फकस्त पोरीला पळू दिऊ नगं म्हणावं. तेवढं कर, अनिता."